स्वादुपिंडाला सूज आणि मनगटातून काढलेलं रक्त: ‘ब्लड गॅस’वरून पुढचं खरंच कळतं का?

भीमाकाठची
मंगळवार, रात्री ११:२०

माझा धाकटा भाऊ, वय ३८, आज पहाटेपासून सोलापुरात आयसीयूत आहे. काल लग्नाचं जेवण झालं आणि रात्री दोनच्या सुमाराला पोटात कळ उठली. बेंबीच्या वर, आणि सरळ पाठीत घुसणारी. आडवं पडवेना, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटायचं. चार उलट्या झाल्या. आम्ही ॲसिडिटी समजून तीन तास घालवले.

लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातलं पाचक द्रव्य, रक्तात नेहमीच्या दहापट निघालं. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसले. स्वादुपिंडाला सूज, ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस. डॉक्टर म्हणाले, ‘पहिले ४८ तास बघू, मग सांगतो.’ तेव्हापासून ‘ब्लड गॅस’साठी, म्हणजे रक्तातली आम्लता आणि वायू मोजायला, दोनदा मनगटातून रक्त काढलं. त्याला फार दुखलं. रिपोर्टचे फोटो काढून ठेवलेत.

पहिला, दाखल करताना, ऑक्सिजन न लावता: पीएच ७.३५, कार्बन डायऑक्साइड ३०, बायकार्ब १६, बेस एक्सेस उणे ८, ऑक्सिजन ६८, लॅक्टेट ३.६.
दुसरा, बारा तासांनी, नळीतून ४ लिटर ऑक्सिजन चालू असताना: पीएच ७.३९, कार्बन डायऑक्साइड ३१, बायकार्ब १८, बेस एक्सेस उणे ६, ऑक्सिजन ८२, लॅक्टेट २.४.

मला वाटलं सगळेच आकडे सुधारलेत. पण राउंडला आलेले डॉक्टर दुसरा कागद बघून गंभीर झाले आणि जोराच्या झोताने ऑक्सिजन देणारं हाय फ्लो मशीन लावलं. असं का? हे आकडे बघून पुढे काय होणार ते सांगता येतं का? उपचार त्यांच्यावरच सोपवलेत, बदलणार नाही. फक्त मला समजून घ्यायचंय, कारण आई दर तासाला विचारते आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

पूर्वा_नि
मंगळवार, रात्री ११:३१

ताई, धीर धरा. अशा वेळी कागदाचे फोटो काढून ठेवायचं सुचलं हेच खूप आहे. जाणकार येतील, मी धागा वर ठेवते.

पाचवा_मजला
बुधवार, रात्री १२:०५

मी पुण्यात अतिदक्षता विभागात काम करतो. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. पण कागद वाचायला शिकवू शकतो.

या कागदावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र वाचू नका.

एक, रक्तातली आम्लता. स्वादुपिंड सुजलं की शरीरभर केशवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात, आतड्यांभोवती, फुफ्फुसांभोवती साचतं. माणूस बाहेरून सुजलेला आणि आतून कोरडा. पेशींना रक्त पुरत नाही, मग त्यांच्यातून निघणारं लॅक्टेट वाढतं, आणि आम्लता झेलणारं बायकार्ब संपत जातं. भावाचं बायकार्ब १६ होतं, साधारण २२ ते २६ असायला हवं. कार्बन डायऑक्साइड ३० आहे कारण तो जोरजोरात श्वास घेऊन आम्ल बाहेर टाकत होता. म्हणून पीएच ७.३५ दिसतो, जवळजवळ नॉर्मल. केवळ पीएच पाहिला असता तर फसगत झाली असती. बारा तासांत लॅक्टेट ३.६ वरून २.४ झालं. सलाईन लागू पडतंय. इथपर्यंत तुम्ही बरोबर.

दुसरी, फुफ्फुसं. ६८ चे ८२ झाले, पण ४ लिटर ऑक्सिजन लावून. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. ४ लिटरच्या नळीने ते प्रमाण साधारण ३६ टक्क्यांवर जातं. आता भागाकार करा. आधी ६८ भागिले ०.२१ म्हणजे सुमारे ३२४. नंतर ८२ भागिले ०.३६ म्हणजे सुमारे २२८. आकडा वाढला, फुफ्फुस मात्र मागे गेलं. हा भागाकार ३०० किंवा त्याच्या खाली आला की आम्ही त्याला श्वसनसंस्थेचं निकामी होणं म्हणतो. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसलं ते हेच असणार.

आणि लायपेज विसरून जा. ते निदानाला लागतं. ते दहापट आहे की चाळीसपट, यावरून आजार किती गंभीर होईल हे कळत नाही.

मावशी_ठाणे
बुधवार, सकाळी ६:५०

रात्रभर हा धागा वाचत होते. आमच्या जाऊबाईंना हाच आजार झाला होता. डॉक्टर म्हणाले ‘गॅस करायला पाठवलंय’, तर सासूबाईंनी घरून ओवा आणि काळं मीठ पाठवून दिलं, गॅसवर उतारा म्हणून! आयसीयूच्या दारात ती पुडी हातात घेऊन आम्ही सगळे आठ दिवसांत पहिल्यांदा हसलो होतो.

पण ‘गॅस झालाय’ म्हणूनच आम्हीही आदली अख्खी रात्र सोडा पाजत काढली होती. पोटात दुखून पाठीत जातंय, उलटी थांबत नाही, माणूस आडवा होऊ शकत नाही, हे गॅसचं दुखणं नाही. एवढं तरी घराघरात माहीत व्हायला हवं.

आडगावचा_डॉक्टर
बुधवार, सकाळी ८:१५

@पाचवा_मजला, समजावलंत छान, पण लोकांचा असा ग्रह होईल की ब्लड गॅसचं मशीन नसेल तर या रुग्णाचं काही कळतच नाही. माझा दवाखाना तालुक्यापासूनही आत आहे. जवळचं मशीन ६० किलोमीटरवर.

मी काय करतो? श्वास पूर्ण एक मिनिट मोजतो, घड्याळ हातात धरून. नाडी, ताप, लघवी तासाला किती. रुग्ण गोंधळल्यासारखा बोलतोय का. रक्तात युरिया आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे लाल पेशींचं प्रमाण. २००८ साली आलेला बायसॅप स्कोअर याच गोष्टींवर उभा आहे: बीयूएन (रक्तातल्या युरियाचं माप) २५ च्या वर, शुद्धीत फरक, सर्वांगी दाहाची लक्षणं, वय ६० च्या वर, छातीत पाणी. प्रत्येकाला एक गुण. तीन किंवा जास्त झाले की मी रुग्णवाहिका बोलावतो. धमनीतल्या रक्ताचा एक थेंबही लागत नाही.

या आजाराचे साधारण ८० टक्के रुग्ण सौम्य असतात, आठवड्याभरात घरी जातात. त्यातल्या प्रत्येकाच्या मनगटात सुई खुपसायची? मला पटत नाही.

पाचवा_मजला
बुधवार, सकाळी ९:४०

@आडगावचा_डॉक्टर, प्रत्येकाला नको, हे शंभर टक्के मान्य. शांत बसलाय, श्वास १६, ऑक्सिमीटरवर साध्या हवेत ९७, लघवी होतेय, त्याला मीही टोचत नाही. लॅक्टेट आणि बायकार्बपुरतं बघायचं असेल तर शिरेतलं रक्तही चालतं. पीएच साधारण ०.०३ ने कमी येतो एवढंच. ऑक्सिजनसाठी मात्र धमनीच हवी.

पण ऑक्सिमीटरबद्दल एक इशारा. ९० टक्के म्हणजे रक्तातला ऑक्सिजन साधारण ६०, तिथून खाली कडा आहे. त्याच्या वर ९५ आणि ९९ मध्ये बोटावर चार टक्क्यांचा फरक दिसतो, पण आत ८० आणि १४० इतका फरक असू शकतो. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाचं बोट ९६ दाखवतं, नातेवाईक निर्धास्त, आणि फुफ्फुस निम्म्यावर आलेलं असतं. शिवाय सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, हे २०२० नंतर चांगलंच पुढे आलंय. आपल्याकडे हे विसरून चालणार नाही.

तुमचं श्वास मोजणं मी माझ्या निवासी डॉक्टरांना रोज सांगतो. मिनिटाला २० च्या वर श्वास किंवा रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३२ च्या खाली, दाहाच्या निकषात हे दोन्ही एकाच ओळीत लिहिलेत. म्हणजे तुमचं घड्याळ आणि माझं मशीन एकच गोष्ट मोजतायत.

आडगावचा_डॉक्टर
बुधवार, सकाळी ९:५८

हे शेवटचं वाक्य आवडलं. आमच्या आशाताईंना सांगतो.

आयसीयू_सिस्टर
बुधवार, दुपारी २:१०

ड्युटी संपवून लिहितेय. भावाला दुखलं म्हणालात ते अगदी खरं. धमनी शिरेपेक्षा खोल असते आणि तिच्या भिंतीला वेदना जास्त कळते. मनगटाशी अंगठ्याच्या बाजूला नाडी लागते तीच ही धमनी. टोचायच्या आधी दोन्ही धमन्या दाबून मूठ आवळायला सांगतात, मग करंगळीकडची सोडून हात पुन्हा लाल होतोय का बघतात. हातात दुसरी वाट चालू आहे ना याची ती खात्री.

आकडा खरा यायचा तर सुई काढल्यानंतरची दहा मिनिटं फार महत्त्वाची. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हवेच्या बाजूला सरकतात. रक्त गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये असलेलं हेपरिन जास्त राहिलं तर रक्त पातळ होऊन बायकार्ब, कार्बन डायऑक्साइड आणि कॅल्शियम खोटे कमी दिसतात. नमुना टेबलावर पडून राहिला तर रक्तातल्या पेशी तिथेच साखर खात बसतात आणि लॅक्टेट वाढवतात. आमच्याकडे मशीन वॉर्डातच आहे, तरी मी सिरिंज हातात घेऊन चालत नाही, पळते.

टोचलेल्या जागी निदान पाच मिनिटं दाबून धरायचं. नातेवाइकांना तेवढं काम दिलं तर त्यांनाही बरं वाटतं. आणि वारंवार गॅस लागणार असेल तर धमनीत बारीक नळी ठेवतात, मग प्रत्येक वेळी टोचावं लागत नाही. ताई, हे डॉक्टरांना विचारा. आधी जागा बधिर करून द्या, असंही म्हणू शकता. मागितलं म्हणून कोणी रागावणार नाही.

ग्लासगोकर
बुधवार, सायंकाळी ७:२५

सोळा वर्षं स्कॉटलंडमध्ये आहे, शल्यचिकित्सक. इथे या आजाराची जी मोजपट्टी वापरतात ती याच शहराच्या नावाने ओळखली जाते. ग्लासगो रॉयल इन्फर्मरीच्या इम्री यांनी ती बांधली. आठ निकष, आणि पहिलाच धमनीतल्या ऑक्सिजनचा: ८ किलोपास्कलच्या खाली. तुमच्याकडच्या एककात ६०. म्हणून इथे दाखल होतानाच गॅस होतो.

त्याआधीचे न्यूयॉर्कचे रॅन्सन, १९७४. त्यांचे अकरा निकष: पाच दाखल होताना बघायचे, सहा ४८ तासांत. त्या सहांतले दोन ब्लड गॅसचे आहेत, ऑक्सिजन ६० च्या खाली आणि बेसची तूट (कागदावरचा उणे बेस एक्सेस) ४ च्या वर. पन्नास वर्षांपूर्वीही त्या माणसाला कळलं होतं की पहिल्या तासाचा आकडा पुरत नाही.

थोडं विषयांतर करतो, कारण ही तपासणी ज्या गोष्टीतून मोठी झाली ती मला फार जवळची आहे. १९५२, कोपनहेगन. पोलिओची भयंकर साथ. ब्लेगडॅम रुग्णालयात मुलं श्वास थांबून जात होती. रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण वाढलेलं दिसायचं आणि डॉक्टर समजायचे की रक्त अल्कधर्मी झालंय. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाचं म्हणणं उलट होतं: मुलांचा श्वास अपुरा पडतोय, वायू आत साठतोय. त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत तिला श्वास दिला आणि ती जगली. प्रयोगशाळेत पॉल ॲस्ट्रुप यांनी पीएच मोजून त्या म्हणण्याला आधार दिला. मग जवळपास दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने पिशव्या दाबत बसले, आठवडेच्या आठवडे. आजचा आयसीयू आणि आजचं गॅस मशीन, दोन्हींची मुळं त्या वॉर्डात आहेत.

ताईंच्या भावाच्या मनगटातली ती सुई तिथून आलीय.

पूर्वा_नि
बुधवार, सायंकाळी ७:४०

हे वाचून अंगावर काटा आला. विद्यार्थी हाताने श्वास देत बसले होते!

शंकासुर
बुधवार, रात्री ८:३०

मला एक रोखठोक प्रश्न आहे. रॅन्सन, ग्लासगो, बायसॅप, अपाची, एवढ्या मोजपट्ट्या. पण या आजारावर खास औषध आहे का? नसेल तर भाकीत करून उपयोग काय? आणि दुसरं: सलाईन म्हणून रिंगर लॅक्टेट देतात आणि लॅक्टेट वाढलं म्हणून घाबरतात, मग बाटलीतलंच लॅक्टेट कागदावर दिसत नाही का?

पाचवा_मजला
बुधवार, रात्री ९:१५

दोन्ही प्रश्न चांगले.

बाटलीत सोडियम लॅक्टेट असतं, लॅक्टिक आम्ल नव्हे. यकृत त्याचं बायकार्ब करतं. नेहमीच्या वेगाने दिलं तर कागदावर जाणवण्यासारखा फरक पडत नाही. उलट साध्या सलाईनमध्ये क्लोराइड १५४ असतं, रक्तापेक्षा कितीतरी जास्त. ते लिटरच्या लिटर दिलं की क्लोराइडमुळेच बायकार्ब खाली येतं. मग कागदावर आम्लता दिसते पण लॅक्टेट ठीक असतं. अशा वेळी आजार वाढलाय समजून आणखी सलाईन दिलं तर आपणच खड्डा खोल करतो.

आता औषध. सूज थांबवणारं खास औषध नाही. पण करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते कुणाला, केव्हा, किती, हे ठरवायलाच हे आकडे लागतात. पाण्याचंच घ्या. मी शिकत होतो तेव्हा ‘भरपूर सलाईन’ हाच मंत्र होता. २०२२ साली वॉटरफॉल नावाची चाचणी आली, सगळ्यांना रिंगर लॅक्टेटच, एका गटाला जोरात आणि एका गटाला बेताने. ती २४९ रुग्णांवरच थांबवावी लागली, कारण जोरात दिलेल्या गटात सुमारे २० टक्के लोकांच्या अंगात पाणी जास्त झालं, बेताच्या गटात सुमारे ६ टक्के. आणि आजाराची तीव्रता काही कमी झाली नाही. तेव्हापासून मी गॅस वेगळ्या नजरेने वाचतो. लॅक्टेट उतरतंय आणि ऑक्सिजनचा भागाकारही उतरतोय, तर हात आखडता घे. भीमाकाठची ताईंचा दुसरा कागद नेमका तसाच होता.

वाटेत_थांबलेली
बुधवार, रात्री १०:४५

लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं.

माझ्या नवऱ्याला सहा वर्षांपूर्वी हाच आजार झाला. लहान गावातलं रुग्णालय, नाव घेत नाही. पहिल्या दिवशी सगळे सांगत होते की बीपी चांगलं आहे, काळजी नको. तो मात्र धापा टाकत होता. मी विचारलं तर म्हणाले दुखण्यामुळे आहे. गॅसची तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री शहरात हलवल्यावर झाली. लॅक्टेट ४ होतं, सकाळपर्यंत ७ झालं. पुढचे कागद मी बघायचे सोडले. नवव्या दिवशी तो गेला.

आधी कळलं असतं तर वाचला असता असं मी म्हणत नाही. तिथल्या डॉक्टरांनी नंतर मला तासभर बसवून सांगितलं की काही रुग्णांत पहिल्याच दिवसापासून आजार फार पुढे धावतो. पण एक गोष्ट मला हवी होती. धापा टाकणाऱ्या माणसाला ‘घाबरलाय’ म्हणायच्या आधी कोणीतरी श्वास मोजायला हवे होते. वरच्या गावाकडच्या डॉक्टरांनी घड्याळ हातात धरून मोजतो असं लिहिलंय ना, ते वाचलं आणि खूप रडले. असेच राहा डॉक्टर.

आडगावचा_डॉक्टर
बुधवार, रात्री ११:०२

ताई, तुमचं लिहिलेलं मी कापून टेबलाच्या काचेखाली ठेवतोय.

आयसीयू_सिस्टर
बुधवार, रात्री ११:२०

वहिनी, तुम्ही लिहिलंत म्हणून आज कुणाच्यातरी घरी श्वास मोजले जातील.

मुळा_मुठा
गुरुवार, सकाळी ७:३०

एका वेगळ्या त्रासाबद्दल. माझ्या मुलाला २७ व्या वर्षी हा आजार झाला आणि भेटायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारी: ‘प्यायचा का?’ मुलगा निर्व्यसनी. त्याचं रक्त काढलं तेव्हा नळीत वर दुधासारखी साय आली. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, १००० च्या कितीतरी वर. वर मधुमेह, जो आम्हाला माहीतच नव्हता. दारू आणि पित्ताचे खडे ही मोठी कारणं खरी, पण चरबीमुळेही होतं, कॅल्शियम वाढल्याने होतं, काही औषधांनी होतं. आजाऱ्याच्या उशाशी बसून चौकशी करायची ती जागा नव्हे.

त्याच्या गॅसमध्ये बायकार्ब ९ होतं. नंतर कळलं की त्यात मोठा वाटा मधुमेहातल्या कीटोन आम्लांचा होता.

पाचवा_मजला
गुरुवार, सकाळी ८:०५

@मुळा_मुठा, हे फार महत्त्वाचं. बायकार्ब कमी म्हणजे स्वादुपिंडाचा आजार भयंकर, असं सरळ समीकरण नाही. कीटोन, क्लोराइड, मूत्रपिंड, लॅक्टेट, प्रत्येकाचा हिशेब वेगळा काढावा लागतो. इन्सुलिन चालू केल्यावर तुमच्या मुलाचं बायकार्ब भराभर चढलं असेल.

मुळा_मुठा
गुरुवार, सकाळी ८:१२

हो, दीड दिवसात. आता तो पोहायला जातो.

लाल_माती
गुरुवार, सकाळी ९:३०

कारणांवरून आठवलं. महाविद्यालयात आम्हाला शिकवलं होतं की त्रिनिदाद बेटावर विंचू चावून स्वादुपिंडाला सूज येते. आम्ही कोकणातली पोरं चकित. आमच्याकडचा लाल विंचू धरतो ते हृदय आणि फुफ्फुस. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन देऊन किती जीव वाचवले ते अख्ख्या रायगडाला ठाऊक आहे. तेही सगळं लहान गावात, रुग्णाच्या खाटेशेजारी बसून, नोंदी ठेवत केलेलं काम. वर मशीन की घड्याळ हा वाद चालला होता म्हणून सांगितलं.

भीमाकाठची
गुरुवार, दुपारी १:१५

सगळ्यांना एकेक उत्तर द्यायला सुचत नाहीये, पण प्रत्येक ओळ वाचलीय, काही आईला वाचून दाखवल्या. वहिनी, तुमच्यासाठी आईने देवापुढे दिवा लावला.

सिस्टरताईंनी सांगितलं तसं विचारलं आणि काल त्याच्या धमनीत नळी बसवली. आता टोचत नाहीत.

तिसरा कागद, दाखल होऊन छत्तीस तास झाले तेव्हाचा. हाय फ्लोवर ४० टक्के ऑक्सिजन. पीएच ७.४१, कार्बन डायऑक्साइड ३४, बायकार्ब २१, बेस एक्सेस उणे ३, ऑक्सिजन ९६, लॅक्टेट १.६. मी भागाकार केला, २४० आला. म्हणजे २२८ वरून २४०. बरोबर आहे का?

चौथा आज सकाळचा, बावन्न तासांनंतर. पुन्हा साधी नळी, २ लिटर, म्हणजे २८ टक्के धरलं. ऑक्सिजन ९१. भागाकार ३२५. लॅक्टेट १.१.

पाचवा_मजला
गुरुवार, दुपारी १:४०

बरोबर आहे. अगदी बरोबर केलात हिशेब.

या आकड्याचं मोल सांगतो. २०१२ साली या आजाराची तीव्रता ठरवणारं अटलांटा वर्गीकरण सुधारलं, त्यात सगळा भर एका प्रश्नावर आहे: अवयव निकामी झाला तर तो ४८ तासांच्या आत सावरला का? सावरला तर आजार मध्यम तीव्र. नाही सावरला तर तीव्र, आणि तिथे तीनांतला साधारण एक रुग्ण हातचा जातो. तुमच्या भावाची फुफ्फुसं बाराव्या तासाला ३०० च्या खाली गेली आणि बावन्नाव्या तासाला वर आली. चाळीस तास. उंबऱ्याच्या अलीकडे.

शंकासुर
गुरुवार, दुपारी २:००

ताई, मनापासून आनंद झाला. आता तुमच्याच मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो अजून उभा आहे. पहिल्या कागदावरून हे सांगता आलं असतं का? होय की नाही?

पाचवा_मजला
गुरुवार, दुपारी २:२५

नाही. पहिल्या कागदावर लॅक्टेट ३.६ आणि बेसची तूट ८ बघून मी म्हटलं असतं, ‘हा आयसीयूत हवा, जवळून बघायला हवा.’ त्यापुढे एक शब्दही बोललो नसतो. त्या कागदावर फुफ्फुस तर जवळपास ठीकच होतं, आणि तेच नंतर घसरलं. मोजपट्ट्या गर्दीबद्दल चांगलं सांगतात, शंभरांतल्या किती जणांना त्रास होईल ते. हा एक माणूस त्या शंभरांत कुठे बसणार, हे त्याचं त्यालाच दाखवावं लागतं, सहा-बारा तासांनी, पुन्हा पुन्हा. म्हणून तुमचे डॉक्टर ‘४८ तासांनी सांगतो’ म्हणाले. ते टाळाटाळ करत नव्हते.

ग्लासगोकर
गुरुवार, दुपारी ३:५०

सहमत. आणि गॅस पोटातलं दाखवत नाही, हेही सांगायला हवं. स्वादुपिंडाचा भाग मृत झालाय का, भोवती पाणी साचलंय का, त्याला सीटी स्कॅन लागतो. तोही तीन-चार दिवस झाल्यावर काढलेला जास्त बोलतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून घरी गेल्यावर ताप आला तर थांबू नका.

खड्यांचं विसरू नका. आजार सौम्य असेल तर पित्ताशय त्याच मुक्कामात काढलेलं बरं, नाहीतर पुन्हा झटका येतो. भावाचा मध्यम तीव्र आहे, पोटात पाणी साचलं असेल तर काही आठवडे थांबतील. पण तारीख घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

आडगावचा_डॉक्टर
गुरुवार, सायंकाळी ६:१०

तारखेचं माझ्याकडूनही. बरं वाटलं की आमच्याकडे लोक ‘सुगी झाल्यावर बघू’ म्हणतात आणि सुगीतच पुन्हा येतात, पोट धरून.

भीमाकाठची
शुक्रवार, सकाळी १०:३०

सीटी सोमवारी आहे. ऑपरेशनची तारीख त्यानंतर देतो म्हणालेत, मी वहीत लिहून घेतलंय.

आज सकाळी ऑक्सिजन काढला. मी त्याचे श्वास मोजले, पूर्ण एक मिनिट, १८. आईनेही मोजले, तिचे १७ आले. सिस्टर हसल्या आणि त्यांनी १८ लिहिलं. कालपासून तोंडाने थोडं थोडं पाणी आणि पेज चालू केलीय. त्याला भाकरी आणि शेंगाचटणी हवीय, उठल्यापासून तेच चाललंय. चटणीचं काय करू?

आयसीयू_सिस्टर
शुक्रवार, सकाळी १०:४२

चटणी नाही! शेंगदाण्यात तेल किती असतं. आज पेज, मग मऊ भात आणि वरणाचं पाणी. नळी काढली का मनगटातली? काढली असेल तर दाबून धरा, पाच नाही, दहा मिनिटं.

भीमाकाठची
शुक्रवार, सकाळी १०:५०

आत्ताच काढली. आई दाबून बसलीय.